आपद्ग्रस्तांसाठी जमवलेली रक्कम कोणत्या संस्थेकडे सोपवावी?

साशंक

नमस्कार.

भूकंप, महापूर, चक्रीवादळ असे काही घडले की आमच्या कार्यालयात वर्गणी जमवली जाते आणि या वेळी जमलेली रक्कम कोठे द्यायची हे ठरवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. रक्कम फार मोठी नाही. पण ती माझी एकटीची नसून चाळीसेक जणांची असल्याने निर्णय चुकला तर ती चूक माझ्यापुरती राहणार नाही. मागच्या खेपेला ज्या संस्थेकडे आम्ही पैसे दिले, तिची पावती दोन दिवसांत आली आणि पुढे वर्षभर दर पंधरवड्याला नव्या आवाहनाचे पत्रही न चुकता येत राहिले. आधीच्या पैशांतून नेमके काय झाले हे मी दोनदा लेखी विचारले, त्याचे उत्तर मात्र आजतागायत आलेले नाही. संस्थेने पैसे खाल्ले असे मला म्हणायचे नाही. तसा काही पुरावा माझ्यापाशी नाही. पण या वेळी एका सहकाऱ्याने वर्गणी हातावर ठेवतानाच "पोचतील ना नक्की?" असे विचारले आणि मला काही बोलता आले नाही.

म्हणून पाच संस्था निवडून मी एक तक्ता केला. देणगीतला किती टक्के भाग प्रशासनावर जातो, हे प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले. एकीचा आकडा ४ टक्के आहे, तर दुसरीचा २३ टक्के. सरळ हिशेबाने ४ टक्क्यांच्या संस्थेला द्यायला हवे. तरीही मन कचरते, कारण इतक्या थोड्या खर्चात दुर्गम भागात माणसे, गाड्या आणि गोदामे कशी चालतात, हे मला उलगडत नाही. शिवाय जगभर काम करणारी मोठी संस्था बरी की त्याच भागातली लहान संस्था बरी, आणि "ही रक्कम याच आपत्तीसाठी वापरावी" अशी अट घालावी की घालू नये, याबद्दलही आमच्यात दोन तट पडले आहेत. ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जमाखर्च

साशंकताई, मी बरीच वर्षे धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासले आहेत, तेव्हा आपल्या तक्त्यापासूनच सुरुवात करतो. तो फेकून द्या असे मी सांगणार नाही, पण त्यातला टक्क्यांचा रकाना सर्वांत शेवटी न्या.

प्रशासकीय खर्चाचा टक्का हा मोजून काढलेला कमी आणि वाटून दिलेला जास्त असतो. एक अधिकारी सकाळी छावणीसाठी झालेल्या खरेदीची कागदपत्रे पाहतो, दुपारी देणगीदारांना पत्रे लिहितो आणि संध्याकाळी विश्वस्तांच्या सभेचे टिपण तयार करतो. त्याचा पगार कोणत्या खात्यावर टाकायचा? एक संस्था तो तीन ठिकाणी विभागते, दुसरी सगळाच्या सगळा "कार्यक्रम खर्च" म्हणून दाखवते आणि दोन्ही हिशेब लेखापरीक्षणातून सहीसलामत बाहेर पडू शकतात, कारण अशा विभागणीत संस्थेच्या स्वतःच्या अंदाजाला बरीच मोकळीक असते. वस्तुरूप देणग्यांची गंमत तर याहून मोठी. एखाद्या कंपनीने शिल्लक राहिलेली औषधे दिली, संस्थेने ती बाजारभावाने जमेस धरली आणि लगोलग वाटप म्हणून खर्ची टाकली, की कार्यक्रम खर्च एका नोंदीत फुगतो आणि प्रशासनाचा टक्का आपोआप खाली येतो. प्रत्यक्षात कोणी छदामाचीही काटकसर केलेली नसते. आपल्या ४ टक्क्यांच्या संस्थेच्या जमेत वस्तूंचा वाटा किती आहे, हे जरूर पाहा.

तिसरी अडचण साखळीची. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास ५० कोटी डॉलर जमले. जून २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या वृत्तसंस्थांनी त्याचा मागोवा घेतला. त्यात निघालेल्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत. प्रत्येक डॉलरमधले ९१ सेंट कामावर खर्च होतात असे संस्था सांगत असे. पण बरेचसे काम तिने इतर संस्थांकडे सोपवले होते आणि त्या संस्थांनी त्याच रकमेतून आपापला प्रशासकीय खर्च पुन्हा वजा केला होता. म्हणजे टक्का खोटा नव्हता, फक्त तो साखळीच्या पहिल्याच कडीचा होता. दुसरी गोष्ट अशी, की १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांना घरे मिळवून दिल्याचे संस्थेचे म्हणणे होते, पण कायमस्वरूपी बांधलेली घरे भरली अवघी सहा. बाकीच्या संख्येत तात्पुरते निवारे, घरभाड्यासाठी दिलेले साहाय्य आणि घरदुरुस्तीचे प्रशिक्षण घेतलेली माणसेसुद्धा मोजलेली होती. संस्थेने या वृत्तांताला हरकत घेतली, हेही नमूद करायला हवे. पण "घर मिळवून दिले" या शब्दांत किती काय मावते, ते ध्यानात घ्या.

संस्थांची पारख करून त्यांना गुण देणाऱ्यांनाही हे उमगलेले आहे. गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून जाहीर पत्र काढले आणि केवळ प्रशासकीय खर्चावरून संस्था निवडू नका, असे बजावले. टोकाचा आकडा मात्र अजूनही बोलका असतो. जी संस्था मिळालेल्यातले निम्मे नवी देणगी मिळवण्यावरच घालवते, तिच्याबाबत पुढे काही तपासण्याची गरज नाही.

मग पाहायचे काय, तर लेखापरीक्षित हिशेबाच्या मागे जोडलेल्या टिपा. बहुतेक देणगीदार वार्षिक अहवालातली छायाचित्रे पाहतात, फार तर ताळेबंदाचे पान उघडतात आणि थांबतात. त्याच्याही मागे, बारीक अक्षरात, उद्दिष्टबद्ध, म्हणजे ठरावीक कारणासाठीच वापरायच्या निधींचे एक कोष्टक असते. एकेका ओळीत एकेका निधीचे नाव आणि त्यापुढे चार आकडे असतात : वर्षारंभीची शिल्लक, वर्षात आलेली रक्कम, वर्षात झालेला खर्च आणि वर्षअखेरची शिल्लक. तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा आणि एखाद्या जुन्या आपत्तीची ओळ तिन्ही वर्षांत वाचत जा. शिल्लक हळूहळू उतरत असेल तर काम चालू आहे. तीच शिल्लक वर्षानुवर्षे जागची हलत नसेल तर विचारा. ओळच पुढच्या वर्षी नाहीशी झाली असेल आणि तेवढीच रक्कम सर्वसाधारण निधीत वर्ग झालेली दिसत असेल, तर अवश्य विचारा. आणि लाखोंच्या रकमा पहिल्या दोन महिन्यांतच पूर्ण खर्च झाल्या असतील तरी मी भुवया उंचावतो, कारण पुनर्वसन दोन महिन्यांत होत नसते. लेखापरीक्षकाचा अभिप्राय निखळ आहे की "याला अपवाद वगळता" असे काही त्यात घुसले आहे, हे पाहायला तर अर्धे मिनिटही लागत नाही.

उरलेल्या पैशांवरूनच मोठमोठ्या संस्था अडचणीत आल्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने उघडलेल्या "लिबर्टी फंडा"त ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली आणि तिचा मोठा भाग पुढील संकटांच्या तयारीसाठी राखून ठेवण्याचा संस्थेचा विचार होता. तो विचार अव्यवहार्य नव्हता. पण देणाऱ्यांना तो सांगितलेला नव्हता. एवढा गदारोळ झाला की त्या काळात अध्यक्षा बर्नाडीन हीली यांनी राजीनामा जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये संस्थेला हा सगळा निधी हल्ल्याच्या पीडितांसाठीच वापरण्याची घोषणा करावी लागली.

छावणीतला

जमाखर्च यांनी कागदाची बाजू उत्तम मांडली आहे. मी मदत छावण्यांमध्ये काम केले आहे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

आपत्तीनंतरच्या पहिल्या काही तासांत ढिगाऱ्याखालून माणसे काढतात ती शेजारीपाजारी. बाहेरची पथके येतात तेव्हा जिवंत सापडणाऱ्यांपैकी बहुतेक जण बाहेर निघालेले असतात. त्यामुळे "आम्ही तातडीने धावून गेलो" या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. मी विचारतो ते असे : आपत्ती येण्यापूर्वी ही संस्था त्या भागात होती का? ज्या संस्थेची माणसे तेथे आधीपासून लसीकरणाचे, पाण्याचे किंवा शाळेचे काम करत होती, तिला भाषा येते, विधवा कोणत्या घरी आहे आणि अपंग म्हातारा कोणत्या गल्लीत आहे हे ठाऊक असते, आणि विशेष म्हणजे गोंधळ ओसरल्यावर ती तेथून निघून जात नाही. हे तपासणे सोपे आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल उघडायचा आणि त्यात त्या प्रदेशाचे नाव आहे का, ते पाहायचे.

अननुभवी संस्थेची आणखी एक खूण म्हणजे ती वस्तू मागते. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय सामग्री जाऊन पडली. तेथे नेमके काय काय आले आहे याचा उलगडा होण्यासाठी ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधे पोचली तेव्हाच मुदतबाह्य होती, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेली आणि उरलेल्यांपैकी जेमतेम ३० टक्क्यांची ओळख सहज पटत होती, कारण बाकीच्यांवरचा मजकूर तेथील कोणाला वाचता येईना. अशा अनुभवांतूनच जागतिक आरोग्य संघटनेला पुढे १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. जुन्या कपड्यांचे तर बोलूच नका. मी स्वतः एका गोदामात तीन दिवस केवळ कपड्यांची गाठोडी सोडत बसलो होतो. एका गाठोड्यात लग्नातला जरीचा पोशाख, उंच टाचांच्या सँडलची एकच बाजू आणि पोहण्याचे कपडे निघाले, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला हवी होती बादली. ज्या संस्था पैसे घेतात आणि शक्य तेथे आपद्ग्रस्तांच्या हातात रोख रक्कमच देतात, त्यांच्याबद्दल माझे मत म्हणूनच चांगले आहे. अर्थात त्यासाठी बाजार पुन्हा उघडलेला असावा लागतो. दुकानेच वाहून गेली असतील तर नोटांचा काय उपयोग?

संस्थेचा अहवाल वाचताना एक मोजपट्टी जवळ ठेवा. मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी १९९७ मध्ये "स्फिअर" नावाचा उपक्रम सुरू केला आणि किमान मानके ठरवली. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, डोक्यावरच्या आच्छादनाखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, आणि सुरुवातीची धांदल संपल्यावर २० माणसांमागे एक शौचालय. "आम्ही १०,००० लोकांना पाणी पुरवले" असे एखादी संस्था म्हणते, तेव्हा माणशी किती आणि किती दिवस, हे सांगते का ते बघा. ज्यांनी खरोखर पाणी पुरवलेले असते त्यांच्या तोंडी हे आकडे सहज येतात, कारण दररोज रात्री त्यांनी टँकरच्या खेपा मोजलेल्या असतात. "हजारोंच्या चेहऱ्यावर हसू फुलवले" ही भाषा मात्र प्रसिद्धी विभागाची असते.

मोठी की लहान, याचे सरसकट उत्तर देता येणार नाही. स्थानिक संस्थांना थेट पैसा मिळावा, हे मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी तत्त्वतः कधीच मान्य केले आहे. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत झालेल्या "ग्रँड बार्गेन" या करारात २०२० पर्यंत निदान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट मार्गाने स्थानिक संस्थांकडे जावा असे ठरले, पण ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. मात्र लहान संस्थेची तपासणी दुरून करणे अवघड असते आणि अचानक आलेल्या मोठ्या रकमेने ती कोलमडतेही. मधला मार्ग असा, की ज्या मोठ्या संस्था आपल्या स्थानिक भागीदारांची नावे आणि प्रत्येकाला दिलेली रक्कम जाहीर करतात, त्यांना द्यावे. "स्थानिक भागीदारांमार्फत" एवढेच लिहून नावे गुलदस्त्यात ठेवणाऱ्या संस्था मी वगळतो.

अटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : घालू नका. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जेमतेम दहा दिवसांच्या आत "डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स" या संस्थेने जाहीर केले, की त्सुनामीसाठी आम्ही जे काम करू शकतो त्याला पुरेल एवढा पैसा आला आहे, तेव्हा या कारणासाठी आता देऊ नका. नंतर त्यांनी देणगीदारांना पत्रे पाठवून उरलेली रक्कम इतर संकटांसाठी वापरण्याची परवानगी मागितली आणि बहुसंख्यांनी ती दिली. त्या वेळी इतर संस्था त्यांच्यावर नाराज झाल्या होत्या. माझ्या लेखी मात्र "पुरे" म्हणता येणे हीच विश्वासार्हतेची सर्वांत पक्की खूण आहे.

मितभाषी

वरील दोन्ही उत्तरे संस्था खरी आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. पैसे बुडतात ते पुष्कळदा त्याच्या आधीच्या पायरीवर.

२००५ मध्ये कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकेत बनावट मदतनिधींचा असा सुळसुळाट झाला, की तेथील न्याय खात्याला त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडावे लागले आणि ते आजही चालू आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, तेव्हा लहान मुलाला कवटाळलेल्या एका अग्निशमन जवानाचे चित्र वापरून आभासी चलनात मदत मागितली जात होती. चित्र संगणकाने रचलेले होते. जवानाच्या हाताला सहा बोटे होती. आता अशी चित्रे इतकी सफाईदार झाली आहेत, की बोटे मोजून भागणार नाही.

तेव्हा चित्राकडे न पाहता पैसा जाण्याच्या वाटेकडे पाहा. संदेशातून आलेल्या दुव्यावर देणगी देऊ नये. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा आणि तोही अक्षर अक्षर वाचून, कारण नामवंत संस्थेच्या नावात एक जोडशब्द घुसवून किंवा एखादे अक्षर बदलून तयार केलेले पत्ते आपत्तीच्या दुसऱ्या दिवशीच नोंदवले जातात. संस्थेचा नोंदणी क्रमांक तिच्याच पानावर वाचून समाधान मानू नये. ज्या देशात ती नोंदलेली आहे तेथील सरकारी नोंदवहीत तो क्रमांक टाकून कोणते नाव येते ते पाहावे. इंग्लंड आणि वेल्सच्या चॅरिटी कमिशनसारख्या नियामकांची नोंदवही तर कोणालाही घरबसल्या पाहता येते. पैसे भरताना समोर जे खातेदाराचे नाव दिसते, ते संस्थेच्या नोंदणीकृत नावाशी जुळायला हवे. खाते व्यक्तीच्या नावावर असेल, भेटकार्ड किंवा आभासी चलन मागितले जात असेल, किंवा "आज रात्री बारापर्यंतच" अशी घाई केली जात असेल, तर तेथेच थांबावे. खऱ्या संस्थेला तुमचे पैसे उद्याही चालतात.

उलटतपासणी

छावणीतला यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण अट न घालण्याचा त्यांचा सल्ला मला तितकासा पटलेला नाही. चाळीस जणांनी विशिष्ट आपत्ती डोळ्यांसमोर ठेवून वर्गणी दिली आहे. ती संस्थेच्या मर्जीवर सोडण्याचा अधिकार साशंक यांना एकटीला आहे का? लिबर्टी फंडाचा गदारोळ नेमका याच मुद्द्यावर झाला होता. मोठ्या मनाने दिलेली मोकळीक ही प्रामाणिक संस्थेच्या हाती साधन असते, तशी ढिसाळ संस्थेच्या हाती पळवाटही असते.

दुसरे, साशंक यांच्या हाती असलेल्या वेळेचाही विचार व्हावा. तीन वर्षांचे अहवाल, टिपांतील कोष्टके, भागीदारांची नावे हे सर्व पाहायचे तर आठवडा जाईल. ब्रिटनमध्ये डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी ही १९६३ पासून चालत आलेली व्यवस्था आहे. तीत १५ संस्था मिळून एकच आवाहन करतात आणि आलेला निधी प्रत्येकीच्या क्षमतेनुसार विभागतात. संयुक्त राष्ट्रांचा सर्फ हा आपत्कालीन निधी तर आपत्तीची वाट न पाहता आधीच भरून ठेवलेला असतो. तपासणीचे काम जाणकारांनी आपल्या आधीच केलेले असेल, तर अशा सामाईक झोळीत टाकून मोकळे होणे हाही शहाणपणाचा मार्ग नाही का?

जमाखर्च

सामाईक झोळीचा मार्ग मला मान्य आहे, फक्त तेथे साखळीत आणखी एक कडी वाढते हे ठाऊक असू द्यावे. अशा व्यवस्था सहसा आपल्या वाट्याचा टक्का उघड सांगतात, त्यामुळे ते चालते.

अटीचा वाद मात्र अर्धामुर्धा राहू नये. त्सुनामीनंतर झालेले सर्वांत व्यापक मूल्यमापन २००६ मध्ये त्सुनामी इव्हॅल्युएशन कोॲलिशनने प्रसिद्ध केले. जगभरातून मिळून सुमारे साडेतेरा अब्ज डॉलर दिले गेले किंवा देऊ केले गेले, त्यांपैकी साडेपाच अब्ज सरकारांकडून न येता खासगी खिशांतून आले होते. आपद्ग्रस्तामागे सरासरी काढली तर ७,१०० डॉलर पडतात. त्याच २००४ या वर्षी बांगलादेशात मोठा पूर आला होता. तेथे आपद्ग्रस्तामागे खर्च झाले ३ डॉलर. पुरात सापडलेल्या माणसाची गरज दोन हजार पटींनी कमी नव्हती. कमी होती ती त्याची छायाचित्रे. प्रत्येकाने अट घातली की हेच होणार. म्हणून मी अट घालू नये असेच म्हणेन, पण उलटतपासणी यांचा आक्षेप रास्त असल्यामुळे चाळीस जणांना आधी विचारून घ्यावे. "या आपत्तीसाठी प्राधान्याने, येथे गरज उरली नाही तर अन्य आपत्तीसाठी, आणि तसे आम्हाला लेखी कळवून" हे एक वाक्य देणगीसोबतच्या पत्रात लिहिले, की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

साशंक

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस काही लिहिले नाही, कारण आपण सांगितलेले करून पाहत होते.

पाचही संस्थांना मी एकच पत्र पाठवले आणि त्यात तीनच गोष्टी विचारल्या : त्या भागात आपले काम कधीपासून आहे, मागच्या मोठ्या आपत्तीसाठी आलेल्या निधीतली किती रक्कम अजून शिल्लक आहे, आणि निधी गरजेपेक्षा जास्त आला तर आपण काय करता. दोन संस्थांकडून काहीच उत्तर आले नाही. एकीने सोळा पानांची रंगीत पुस्तिका पाठवली, तीत तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही. ४ टक्क्यांची संस्था हीच. तिच्या हिशेबात जमेची दोनतृतीयांश रक्कम वस्तुरूप देणग्यांची निघाली, त्यामुळे जमाखर्च यांची शंका खरी ठरली.

चौथ्या संस्थेने त्या भागात आपले काम पूर्वी नव्हते हे सरळ कबूल केले आणि दुसऱ्या एका संस्थेचे नाव सुचवले. स्वतःकडे येणारी देणगी दुसरीकडे वळवणारी संस्था मी पहिल्यांदाच पाहिली. पाचवी म्हणजे २३ टक्क्यांची. तिच्या लेखाधिकारी बाईंनी चार ओळींचे उत्तर पाठवले : काम नऊ वर्षांपासून, मागच्या निधीतली ३१ टक्के रक्कम शिल्लक, ती दोन शाळांच्या बांधकामासाठी राखलेली, जागेच्या मालकीचा वाद मिटत नसल्यामुळे काम अडलेले, जादा निधी आला तर परवानगी मागू, न मिळाल्यास परत करू. हाच ३१ टक्क्यांचा आकडा टिपांतल्या कोष्टकातही मिळाला. तो शोधायला मला पाऊण तास लागला, कारण तो ताळेबंदात नसून सत्तेचाळिसाव्या पानावर होता.

कार्यालयात सर्वांसमोर हे ठेवले. अट घालण्यावरून पुन्हा वाद झाला, पण जमाखर्च यांनी सुचवलेले वाक्य अखेर तिघांखेरीज सर्वांना मान्य झाले. त्या तिघांची रक्कम अट घालूनच जाईल. बाकीच्या रकमेतला निम्मा भाग आता आणि निम्मा सहा महिन्यांनी द्यायचा, असे ठरवले आहे. तेव्हा चित्रवाणीवर त्या भागाचे नाव नसेल, पण शाळा उघडली की नाही हे विचारायला आमच्यापाशी निमित्त असेल.

एक शंका राहिली आहे. चौथ्या संस्थेने सुचवलेल्या लहान संस्थेला तिघांची अट घातलेली रक्कम देता येईल का? तिचे संकेतस्थळ एकाच पानाचे आहे आणि लेखापरीक्षित हिशेब त्यावर दिसत नाहीत.

छावणीतला

संकेतस्थळ नसण्याने बिघडत नाही, हिशेब नसण्याने बिघडते. त्यांना दूरध्वनी करून शेवटचा लेखापरीक्षित अहवाल मागा; लहान संस्था तो बहुधा मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या रूपात पाठवतात, पाने वाकडीतिकडी असतात, कडेला कोणाचा तरी अंगठा आलेला असतो. त्याला हसू नका. त्यावर लेखापालाची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेवढे पाहा, आणि त्यांना माझ्या पद्धतीचा एक प्रश्न विचारा : काल किती जणांना काय दिले? उत्तर लगेच आले आणि संख्या गोल नसली, तर द्या.